अळी सापडत नाही, तरी सोसायटीत डेंग्यू थांबत नाही: चूक कुठे शोधायची

जुलै ते नोव्हेंबर या काळात शहरातल्या सोसायट्यांमधून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. घरोघरी पाहणी झाली, वहीत ‘अळी आढळली नाही’ अशी नोंद पडली, संध्याकाळी धुराचं यंत्रही फिरून गेलं, आणि पंधरा दिवसांत त्याच विंगेतल्या आणखी दोघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. मग सगळा रोख धुरावर जातो. औषध पातळ होतं, यंत्र घाईघाईने फिरवलं, वगैरे. धुराची मर्यादा पुढे येईलच, पण अशा ठिकाणी खरा दोष बहुधा पाहणीत असतो. अळी ‘नाही’ आणि अळी ‘दिसली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत दोन्हींसाठी शून्यच लिहिलं जातं.

खालची पद्धत शंभर-सव्वाशे सदनिकांच्या सोसायटीला झेपेल अशी आहे. दहा-बारा काळे डबे, एक भिंग, एक चांगली विजेरी आणि आठवड्यातून दोन तास देणारी दोन माणसं एवढं पुरतं.

आधी तारखांचा हिशेब

आज ताप आलेल्या माणसाला डास चावला तो साधारण ४ ते १० दिवसांपूर्वी. त्या मादीने आधी दुसऱ्या रुग्णाला चावून विषाणू उचलला, आणि तो तिच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोचायला ८ ते १२ दिवस गेले. त्याच्याही आधी ती मादी कुठल्यातरी पाण्यात अंड्यापासून डास होईपर्यंत ७ ते १० दिवस वाढली. बेरीज केली तर किमान १९ दिवस, नाहीतर महिनाभर.

म्हणजे रुग्णाचा अहवाल हातात आला त्या दिवशी त्याच्या घरातल्या कुंड्या तपासल्या आणि काही सापडलं नाही, तर त्यातून फारसं सिद्ध होत नाही. ज्या पाण्यात तो डास वाढला ते आटलं असेल, कोणी ओतून दिलं असेल. अंडी मात्र भांड्याच्या कडेला तशीच चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुढची सर आली की फुटतात.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर दोनेक तास आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी सर्वांत जास्त. शाळा, क्लास, कार्यालय, बांधकामाची जागा इथेही लागण होते. एकाच घरातला एकच रुग्ण असेल तर उगम सोसायटीतच आहे असं धरून चालू नका. पण दोन-तीन आठवड्यांत एकाच जिन्यावरच्या दोन-तीन घरांत रुग्ण निघाले, त्यातही दिवसभर घरीच असणारी आजी किंवा तान्हं बाळ असेल, तर शोध आवारातच घ्यायचा.

सापडलेली अळी एडिसचीच आहे ना?

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. रात्री झोपेत कानाशी गुणगुणणारे डास बहुधा क्युलेक्स असतात. ते गटारात, सेप्टिक टाकीत वाढतात आणि डेंग्यू पसरवत नाहीत. त्यांच्या त्रासामुळे लोक गटारावर औषध मारायला लावतात आणि एडिस स्वच्छ पाण्यात निवांत वाढत राहतो.

अळी पांढऱ्या वाटीत घ्या आणि मिनिटभर वाटी हलवू नका. अळी श्वास घ्यायला वर येईल. मलेरिया पसरवणाऱ्या अॅनॉफिलिस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. एडिस आणि क्युलेक्स दोन्ही डोकं खाली करून लटकतात. फरक शेपटीकडच्या श्वासनळीत असतो. एडिसची आखूड आणि जाडसर, क्युलेक्सची लांब आणि बारीक. भिंगातून हे पहिल्याच दिवशी ओळखता येतं. टाकीच्या तळाशी गाळात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या डासांच्या नव्हेत. त्या न चावणाऱ्या माश्यांसारख्या किड्यांच्या असतात. टाकी धुवायला हवी एवढंच त्या सांगतात, त्यांची नोंद ‘पॉझिटिव्ह’ म्हणून करू नये.

मोठा डास हाती लागला तर काळ्या पायांवरचे पांढरे पट्टे पाहा. पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण असेल तर एडिस इजिप्ती, मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर एडिस अल्बोपिक्टस. दोघेही डेंग्यू पसरवतात. इजिप्ती घरात, पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या गडद कपड्यांत दडतो. अल्बोपिक्टस बाहेरच्या झाडीत. कुठला आहे हे कळलं की शोधायची जागा निम्म्याने कमी होते.

पाहणी करताना अळी का सुटते

पिंपात वाकून पाहिलं की माणसाची सावली पाण्यावर पडते आणि एडिसची अळी त्या क्षणी तळाला जाते. ती बराच वेळ खाली राहू शकते. पाहणारा दहा सेकंदांत झाकण लावून पुढे जातो. म्हणून झाकण हळू उचला, पिंपाला धक्का लावू नका, विजेरीचा झोत बाजूने तिरपा टाका आणि पूर्ण दोन मिनिटं थांबा. पहिल्या अवस्थेतली अळी जेमतेम एक मिलिमीटरची असते, झोतात ती धुळीच्या कणासारखी दिसते. फरक एवढाच की कण तरंगतो आणि ही वळवळते.

पळीने पाणी काढायचं तर मधोमध नको. कडेने, भिंतीला घासून काढा. मोठ्या टाकीत बारीक जाळीचं हाताचं जाळं आधी कडेकडेने एक फेरा, मग तळाकडून वर असं फिरवा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं करा.

कोष वेगळे मोजा. कोष म्हणजे अळीनंतरची स्वल्पविरामासारखी वाकडी अवस्था. ती काही खात नाही आणि साधारण दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. दहा बश्यांत मिळून वीस अळ्या आणि एका पिंपात ऐंशी कोष, यांत तातडीचं काम पिंपाचं आहे. वहीत फक्त ‘होय/नाही’ लिहिलं तर हा फरक हरवतो.

अंड्यांचा सापळा: सामान आणि बांधणी

डोळ्यांनी केलेली पाहणी दिसेल तेवढंच सांगते. मादी आवारात आहे की नाही हे सापळा सांगतो, कारण अंडी घालायला ती स्वतः तिथे येते. पद्धत १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि आजही इतक्या कमी खर्चात याहून चांगलं साधन नाही.

डबा काळा हवा, साधारण एक लिटरचा, तोंड १० ते १२ सेंटिमीटर रुंद. काळ्या प्लास्टिकचा मिळाला तर उत्तम. दुसऱ्या रंगाच्या डब्याला काळा ऑइलपेंट दिला तर आठ-दहा दिवस उन्हात वाळवून, नंतर दोनदा पाण्यात भिजत ठेवून वास पूर्ण घालवा. वास राहिला तर मादी फिरकत नाही आणि तुम्हाला खोटा शून्य मिळतो. डब्याच्या दोन-तृतीयांश उंचीवर ४-५ मिलिमीटरचं एक भोक पाडा, पावसाचं जादा पाणी तिथून निघून जाईल.

आत उभी लावायची पट्टी हार्डबोर्डची, अडीच सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब. सुताराकडे तुकडे पडलेले असतात. हार्डबोर्डला एक बाजू गुळगुळीत आणि एक जाळीदार खरखरीत असते. खरखरीत बाजू डब्याच्या आतल्या दिशेला यायला हवी. हे उलटं लागणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. हार्डबोर्ड नसेल तर मांजरपाटाची १० सेंटिमीटर रुंद पट्टी डब्याच्या आतून गोल बसवा, अर्धी पाण्यात आणि अर्धी वर. फिकट कापडावर काळी अंडी मोजायलाही सोपी जातात.

पाणी अर्धा लिटर. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरिन उडू द्या. मादी जास्त ओढली जावी म्हणून गवताचं पाणी मिसळतात: १० लिटर पाण्यात ४० ग्रॅम वाळलेलं गवत, घट्ट झाकून ७ दिवस. या पाण्याचा एक भाग आणि साध्या पाण्याचे नऊ भाग. सगळ्या सापळ्यांत एकाच दिवशी केलेलं पाणी घाला, नाहीतर सापळ्यांची आपसात तुलना करता येत नाही.

प्रत्येक डब्यावर क्रमांक, ठेवल्याची तारीख, उचलण्याची तारीख आणि ‘हलवू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा. सफाई करणाऱ्या मावशींना आणि वॉचमनला प्रत्यक्ष दाखवून सांगा. साचलेलं पाणी दिसलं की ओतून टाका असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे न सांगता ठेवलेला सापळा पहिल्याच सकाळी रिकामा होतो आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

कुठे ठेवायचा आणि किती दिवस

जमिनीपासून फार तर कमरेइतक्या उंचीवर, पूर्ण सावलीत, वारा आणि थेट पाऊस लागणार नाही अशा जागी. जिन्याखाली, मीटरच्या खोलीबाहेर, कुंड्यांच्या ओळीमागे, पार्किंगच्या कोपऱ्यात. दोन सापळ्यांत २५-३० मीटर अंतर ठेवा. शंभर-सव्वाशे सदनिकांना दहा-बारा पुरतात. त्यातले किमान दोन गच्चीवर, टाकीच्या सावलीत ठेवा. एडिस वरच्या मजल्यांवर चढत नाही हा समज चुकीचा आहे. तो लिफ्टमधून आणि जिन्यातून वर जातो, आणि गच्चीवर त्याला पाणी मिळालं तर तिथेच राहतो.

पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सापळा उचलायचाच. सातवा दिवस उलटला तर आतल्या अळ्यांचे डास होतात आणि सापळाच डासांचा पाळणा बनतो. सुट्टी, सणवार किंवा माणूस गावाला जाणार असेल तर त्या आठवड्यात सापळे ठेवू नका. उचलल्यावर पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओता, अळ्या आहेत का पाहा, आणि मग ते कोरड्या, तापलेल्या मातीवर टाका. गटारात टाकू नका. डबा घासून धुवा आणि पुढच्या वेळी नवी पट्टी घाला.

पट्टी वाचणं

पट्टी दिवसभर सावलीत वाळू द्या, मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. पाण्याच्या रेषेच्या लगेच वर, खरखरीत खळग्यांमध्ये, सुटी सुटी अंडी दिसतील. खसखशीच्या दाण्याहून बारीक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, चकचकीत काळी. क्युलेक्सची अंडी एकमेकांना चिकटून तराफ्यासारखी पाण्यावर तरंगतात, ती पट्टीवर नसतात. काजळी, मातीचे कण आणि झुरळाची विष्ठा यांचा घोटाळा होतो. शंका आली तर सुईच्या टोकाने हलकेच दाबा: काजळी चुरा होते, अंडं घरंगळतं, जास्त दाबलं तर फुटून ओलं होतं. एका टोकाची टोपी उडालेली रिकामी टरफलं दिसली तर अंडी फुटून अळ्या बाहेर पडल्या आहेत. तीही मोजा.

इजिप्ती आणि अल्बोपिक्टस यांची अंडी अशी पाहून वेगळी ओळखता येत नाहीत. आकडा दोघांचा मिळून असतो.

सापळ्यात काही नाही, तरी डास चावतात

सापळा उन्हात होता का, रंगाचा किंवा फिनेलचा वास होता का, पट्टी उलटी होती का, पाणी आटलं होतं का, हे आधी पाहा. मग मुंग्या. मुंग्या आणि झुरळं अंडी उचलून नेतात आणि पट्टी कोरी दिसते. डब्याच्या बाहेरून पेट्रोलियम जेलीचं बोटभर रुंद कडं द्या.

पट्टी कोरी पण ट्रेमध्ये अळ्या, असंही होतं. पाऊस आत आला, पाणी चढलं, अंडी बुडाली आणि फुटली. हा सापळा पॉझिटिव्हच धरायचा. म्हणूनच पाणी न पाहता ओतू नका असं वर म्हटलं.

आणि एक कारण आकड्यांच्या पोटात दडलेलं असतं. झडीच्या दिवसांत आवारात शेकडो जागी पाणी साचतं. मादीला निवड मिळते. ती एका खेपेची शंभरेक अंडी एकाच भांड्यात न घालता चार ठिकाणी थोडी थोडी घालते. त्यामुळे डास वाढलेले असताना सापळ्यातली अंडी कमी दिसू शकतात. एका आठवड्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार आठवडे ओळीने पाहा.

सापळे भरतात, पण घरोघरी काहीच सापडत नाही

ही सर्वांत कठीण आणि सर्वांत जास्त आढळणारी स्थिती. मादी आहे, पाणी आहे, आणि ते पाहणीच्या वाटेवर नाही. एडिस सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे उगम जवळच असतो.

आवाराचा साधा नकाशा काढून प्रत्येक सापळ्याच्या जागी अंड्यांची संख्या लिहा. सर्वांत मोठा आकडा असलेल्या सापळ्याभोवती ५० मीटरचं वर्तुळ काढा आणि पुढच्या आठवड्यात त्या वर्तुळात चार-पाच जादा सापळे वेगवेगळ्या दिशांना ठेवा. आकडा ज्या दिशेने चढतो तिकडे शोधा. आणि वर पाहा. पाहणी करणारे जमिनीकडे पाहत चालतात. पाणी मात्र बऱ्याचदा डोक्यावर असतं.

गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीचं झाकण जवळून पाहा. लोक झाकण लागलंय एवढं पाहून खाली उतरतात. पण झाकणाच्या कडेने गोल खोबण असते, आणि कित्येक झाकणं मध्ये किंचित खोलगट असतात. त्या खोबणीत बोटाच्या पेरभर पाणी राहतं, वर शेवाळ आणि कबुतरांची घाण. टाकीच्या आत अळी नसते, झाकणावर असते. खोबणीला खालच्या बाजूने तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडलं की हे कायमचं मिटतं. भोक टाकीच्या आत नव्हे तर बाहेरच्या कडेला पडेल हे पाहा. टाकीच्या ओव्हरफ्लो आणि हवेच्या नळीच्या तोंडाला १.२ मिलिमीटरहून मोठी छिद्रं नसलेली स्टीलची जाळी क्लिपने आवळा. नायलॉनची जाळी उन्हाने वर्षभरात फाटते आणि फाटलेली कोणाला दिसत नाही.

जमिनीखालच्या टाकीचं बिडाचं झाकण जड असतं म्हणून कोणी उचलत नाही. त्याला उचलण्यासाठी दोन भोकं असतात. डास तिथूनच आत जातो. रबरी बूच बसवा. शेजारचं व्हॉल्व्हचं चेंबरही उघडा, गळक्या व्हॉल्व्हखाली स्वच्छ पाणी साचलेलं असतं.

मग छज्जे. तुंबलेली पन्हळ, खिडकीवरच्या छज्ज्याच्या बुजलेल्या पाणीवाटा, बाहेरच्या एसीच्या खोक्याखालची जागा, पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या. लिफ्टचा खड्डा: पावसाळ्यात पाझर येऊन तिथे पाणी राहतं आणि अंधार असतो. तो लिफ्टच्या माणसाकडूनच उघडवा, स्वतः उतरू नका. कठड्याच्या आणि फाटकाच्या वर उघड्या असलेल्या लोखंडी नळ्या, झेंड्याच्या काठीची खोबणी, कुंपणाचे बांबू: या वाळूने गच्च भरा. झाडाच्या ढोलीत वाळू किंवा माती भरा. सिमेंट नको, झाड कुजतं. मुलांच्या खेळाच्या जागी बसवलेल्या टायरांना तळाशी १२ मिलिमीटरचं भोक पाडा. शोभेच्या ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, ते आठवड्यातून एकदा नळीच्या जोरदार धारेने उडवून द्या.

घरात सुटणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. फ्रिजच्या मागचा ट्रे हा त्यातला पहिला. फ्रिज पुढे ओढल्याशिवाय तो दिसत नाही. कंप्रेसरच्या उबेने तिथलं पाणी कोमट राहतं आणि अळी लवकर वाढते. मनी प्लांटच्या बाटलीत मुळांच्या जाळ्यामागे अळी लपते. पाणी बदलताना मुळं नळाखाली धुवा आणि बाटली आतून घासा.

आणि बंद घरं. मालक परगावी किंवा परदेशी, चावी कोणाकडे नाही. न वापरलेल्या कमोडमध्ये, फ्लशच्या टाकीत, मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये महिनोन् महिने पाणी असतं. जाण्याआधी फ्लशची टाकी रिकामी करून कॉक बंद करा, कमोडचं झाकण लावून कडेने चिकटपट्टी लावा, नहाणी ट्रॅपमध्ये दोन चमचे खाद्यतेल घालून वर प्लास्टिक दाबून ठेवा. तेलाच्या थराने अळीला श्वास घेता येत नाही. घर बंद ठेवणाऱ्याला हे ना-हरकत पत्राबरोबर लेखी द्यावं.

पाणी ओततो, तरी पुढच्या आठवड्यात अळी

आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायचा ‘कोरडा दिवस’ पाळूनही हे होतं, कारण पाणी गेलं तरी अंडी कडेला राहिली. रिकामं करणं अर्धं काम आहे, घासणं उरलेलं अर्धं. पाण्याच्या जुन्या रेषेपासून हातभर वरपर्यंत काथ्याच्या किंवा तारेच्या घासणीने धुण्याच्या पावडरीसकट रगडा. कपड्याने पुसून अंडी निघत नाहीत. सिमेंटच्या हौदाला आणि जुन्या पिंपांना धुण्याची पावडर आणि ब्लीच यांचं दाटसर मिश्रण कडेला लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग घासून दोनदा खळखळून धुवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

विदर्भात कूलरची गोष्ट हीच आहे. जूनमध्ये पाणी काढून कूलर माळ्यावर जातो, पण ताट्या तशाच राहतात आणि टाकीच्या कडेला अंडी वाळून बसतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की आठवडाभरात अळ्या. ठेवतानाच ताट्या काढून जाळून टाका आणि टाकी घासून उन्हात वाळवा.

रिकामं करता येत नाही अशा पाण्यासाठी टेमिफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे मिळतात. प्रमाण १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. हे अंदाजाने टाकू नका, आणि पिण्याच्या पाण्यात तर आरोग्य कर्मचाऱ्याशिवाय टाकूच नका. कारंजी आणि शोभेची तळी यांत गप्पी मासे सोडा. नदी-तलावात मात्र सोडू नका, तिथले मूळचे मासे मागे पडतात.

धुराबद्दल थोडक्यात

धूर त्या वेळी उडणाऱ्या डासांनाच मारतो. अंडी, अळी, कोष यांच्यावर त्याचा काही परिणाम नाही, आणि पलंगाखालच्या एडिसपर्यंत तो पोचत नाही. रुग्ण निघालेल्या घरात कर्मचारी पायरेथ्रम या डासनाशकाची आतली फवारणी करतात, ती करू द्या. दारं-खिडक्या लावून सांगतील तेवढा वेळ बाहेर थांबा. धुराचा उपयोग झाला का हे सापळ्यांवरून ठरवा: आधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडे.

आकडे चुकतात ते भाजकात

एक उदाहरण घ्या. १२० सदनिकांपैकी ९६ उघड्या मिळाल्या, २४ बंद. पाहिलेली भांडी ४८०, त्यांपैकी ९ मध्ये अळी, ती ६ घरांत. गृह निर्देशांक, अर्थात शंभर घरांमागे अळी असलेली घरं, म्हणजे ६ भागिले ९६, गुणिले १००, म्हणजे ६.३. भांडी निर्देशांक ९ भागिले ४८०, म्हणजे १.९ टक्के. ब्रेटो निर्देशांक, अर्थात शंभर घरांमागे अळी असलेली भांडी, ९.४. पुष्कळदा ९६ ऐवजी १२० ने भागतात आणि गृह निर्देशांक ५ वर येतो. बंद घर हे स्वच्छ घर म्हणून मोजलं गेलं, आणि धोका जिथे जास्त आहे तीच घरं हिशेबात निर्दोष ठरली. बंद घरांचा आकडा दरवेळी वेगळा लिहा. गच्ची, तळघर, लिफ्टचा खड्डा यांनाही स्वतंत्र ओळ द्या.

सापळ्यांचंही तसंच. १२ ठेवले, एक हरवला, ११ मिळाले, त्यांपैकी ४ मध्ये अंडी: निर्देशांक ३६.४ टक्के, ३३.३ नव्हे. चारांत मिळून २१२ अंडी असतील तर सरासरी ५३, पण सरासरीच्या शेजारी चारही आकडे लिहा. १८०, १६, ९, ७ असे असतील तर उगम एका जागी आहे. ६०, ५५, ५०, ४७ असतील तर तो पसरलेला आहे आणि सगळ्या आवारात एकाच दिवशी घासणी हाती घ्यावी लागेल.

उगम भिंतीपलीकडे निघाला तर

शेजारच्या बांधकामावर क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला वापरलेलं पाणी, पाण्याने भरलेलं तळघर, उघडी पिंपं. किंवा मोकळ्या भूखंडावर टाकलेले टायर आणि नारळाच्या करवंट्या. सोसायटीची नुसती तक्रार ‘डास फार झालेत’ अशी जाते आणि पुन्हा धुराचं यंत्र येतं. त्याऐवजी महापालिकेच्या कीटक नियंत्रणाचं काम पाहणाऱ्या विभागाला तीन आठवड्यांचे सापळ्यांचे आकडे, त्या भिंतीकडे आकडा चढत जातो हे दाखवणारा नकाशा आणि भिंतीवरून दिसणाऱ्या पाण्याचा तारखेसह फोटो द्या. जागामालकाला नोटीस देण्याचा अधिकार त्यांना आहे आणि अशा कागदावर ती काढणं त्यांनाही सोपं जातं. रुग्णांची नावं तक्रारीत घालू नका, विंग आणि तापाच्या तारखा पुरेत.

अंड्यांच्या पट्ट्या तपासणीला मागितल्या तर वाळवून, कागदी पाकिटात, क्रमांक आणि तारीख लिहून द्या. न दिलेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकू नका. त्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मगच फेका.